४१,८८० कुठल्याच बाजूला नव्हते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पानावर गिट, म्हणजे फाइलींत कोणी काय कधी बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ते शिकणाऱ्या मुलांसाठी एक छोटा चौकोन होता. त्यात शेवटी लिहिलेलं की दोघांनी फाइलमधली तीच ओळ बदलली आणि मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जुळवताना, कॉन्फ्लिक्ट (भांडण) आला तर टेन्शन घेऊ नका, एडिटरमध्ये वर बारीक बटणं येतात, आपलं ठेवा नाहीतर समोरच्याचं ठेवा, विषय संपला. अहो विषय संपतोय कुठला, तिथून तर सुरू होतो. वाचून राहवलं नाही म्हणून मोबाइलवर टाइप करत बसलोय, वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या, आणि जागा कमी असेल तर मधलं काहीही कापा पण हिशोबाचा भाग कापू नका.

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. ठाकूरद्वारला एका प्रेसमध्ये एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. खिळ्यांचा शेवटचा काळ पाहिला, मग डीटीपी आलं, मग प्रेसच बंद झाली आणि त्या जागेवर आता टॉवर उभा आहे. रिटायर माणूस म्हणजे मोकळा माणूस असं चाळीत सगळ्यांनी ठरवलेलं असतं, त्यामुळे मंडळाच्या गणपतीची स्मरणिका माझ्या गळ्यात. अहवाल, जमाखर्च, वर्गणीदारांची यादी, जाहिराती, श्रद्धांजली, लहान मुलांच्या कविता, सगळं मिळून साठ-सत्तर पानं. पूर्वी हे व्हॉट्सॲपवर चालायचं. स्मरणिका फायनल, स्मरणिका फायनल २, स्मरणिका खरंच फायनल, आणि एक होती स्मरणिका फायनल नानांनी बघितलेली. छापून आली ती यातली कुठलीच नव्हती, पण तो वेगळा विषय.

माझा भाचा विरारला राहतो, गोरेगावला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला मामा हे असं चालणार नाही, आणि एका रविवारी येऊन त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर गिट टाकून दिलं, काळ्या खिडकीत चार-पाच कमांड वहीत लिहून दिल्या. मी, खजिनदार, तो स्वतः आणि तळमजल्यावरची एक मुलगी जी माटुंग्याला इंजिनिअरिंगला आहे, असे चौघं त्यावर काम करायला लागलो. मजकूर सगळा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, मार्कडाउन म्हणतात ते, त्यातून नंतर पीडीएफ निघते. मला आवडलं ते. कोणी कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं, जे आमच्या प्रेसमध्ये लाल शाईच्या हस्ताक्षरावरून ओळखावं लागायचं.

आता झालेला घोळ सांगतो. छपाईच्या आदल्या रात्री नानांच्या श्रद्धांजलीत मी दोन शब्द सुधारले आणि तिकडे त्या मुलीनेही त्याच ओळीत बदल केला. मर्जला गिट अडलं, भाच्याने, तेव्हा तो लोकलमध्ये अंधेरी आणि बोरिवलीच्या मधे कुठेतरी होता, उभ्याउभ्या लॅपटॉप बॅगेवर टेकवून गिट ॲड गिट कमिट, म्हणजे फाइल तयार आहे असं सांगून नोंद पक्की, करून टाकलं आणि पीडीएफ छपाईवाल्याकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गठ्ठे आले. नानांच्या फोटोखाली ही एवढी मोठी, गणपतीच्या बॅनरवर असतात तशी अक्षरं, आणि सुरुवातीला सात बाण, पुढे हेड असा इंग्रजी शब्द, आणि मग "आपल्या मंडळाचे आधारस्तंभ". त्याच्याखाली तोच मजकूर परत एकदा, साध्या टायपात, जरा वेगळ्या शब्दांत. आणि त्याखाली त्या मुलीच्या ब्रँचचं, म्हणजे तिच्या कामाच्या वेगळ्या शाखेचं, नाव, सात पायऱ्या आत सरकवलेलं, पानाच्या उजव्या कडेला जाऊन टेकलेलं. नानांच्या सूनबाईंनी विचारलं, काका, हे बाण कशाचे? मी काय सांगणार. साडेतीनशे प्रती छापलेल्या आणि मी एकतीस वर्षं प्रूफं वाचलेला माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण नंतर कळलं आणि ते सांगण्यासारखं आहे. कॉन्फ्लिक्ट आला की गिट फाइलच्या आतच खुणा करून ठेवतं. वर सात डावे बाण आणि हेड, म्हणजे तुमची बाजू, मग तुमच्याकडचा मजकूर, मग सात बरोबरची चिन्हं, मग समोरून आलेला मजकूर, मग सात उजवे बाण. या खुणा आपण हाताने काढायच्या असतात. पण मार्कडाउनमध्ये मजकुराखाली बरोबरच्या चिन्हांची ओळ आली की वरचा मजकूर मथळा समजला जातो, म्हणून ती बॅनरची अक्षरं, आणि ओळीच्या सुरुवातीला उजवा बाण म्हणजे अवतरण, सात बाण म्हणजे अवतरणात अवतरण सात वेळा, म्हणून त्या सात पायऱ्या. गिटने त्याचं काम बरोबर केलेलं, मार्कडाउननेही त्याचं बरोबर केलेलं. आम्ही वाचलं नाही एवढंच.

आणि गिट ॲड ही कमांड बघत नाही हो आत बाण राहिलेत की काय. तुम्ही ॲड केलं म्हणजे तुम्ही मिटवलं असं ते धरून चालतं, विश्वासाने. गिट डिफ --चेक अशी एक कमांड आहे, ती उरलेल्या खुणा ओळीच्या नंबरासकट दाखवते, दोन सेकंदांचं काम. शिवाय प्रत्येक रिपॉझिटरीत, म्हणजे गिट ज्या फोल्डरची नोंद ठेवतं त्यात, हुक्स नावाच्या फोल्डरात प्री-कमिट नावाच्या स्क्रिप्टचा एक नमुना आधीपासून पडलेला असतो, नावाच्या शेवटचं सॅम्पल काढलं की तो कमिटच्या आधी हेच तपासायला लागतो. हे भाच्याला माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री साडेदहाच्या विरार लोकलमध्ये आठवणं यात फरक आहे, मी त्याला जास्त बोललो नाही.

तर साडेतीनशे शुद्धिपत्रं काढली, डिंकाची बाटली आणली आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून चौघांनी चिकटवली. ते चिकटवताना मी त्या मुलीला विचारत गेलो आणि ती सांगत गेली, तिथे मला गिट खरं समजलं. कारण तिने सांगितलं ते सगळं मला प्रेसमधून आधीच ठाऊक होतं, फक्त नावं वेगळी.

बघा, प्रूफ कधी एकटं वाचत नाहीत. एका हाताला गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची कच्ची छपाई, आणि दुसऱ्या हाताला मूळ कॉपी, म्हणजे लेखकाचं हस्तलिखित. लेखकाने एका प्रुफावर दुरुस्त्या केल्या आणि संपादकाने दुसऱ्या प्रुफावर, तर दोन्ही दुरुस्त्या एका ठिकाणी उतरवताना ती दोन प्रुफं एकमेकांशी ताडून भागत नाही, तिसरी मूळ कॉपी लागतेच. लेखकाने "तेथे"चं "तिथे" केलंय आणि संपादकाकडे अजून "तेथे"च आहे, तर मुळात काय होतं? मुळात "तेथे" असेल तर संपादकाने त्याला हातच लावलेला नाही, "तिथे" घ्या, भांडण नाही. हीच गिटची थ्री-वे मर्ज. दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तिथली आवृत्ती ते शोधतं, तिला बेस म्हणतात. एकाच बाजूने बेसपासून बदल केला असेल तर तो मुकाट घेतं. दोन्ही बाजूंनी हुबेहूब तोच बदल केला तरी घेतं. दोघांनी वेगवेगळा केला तरच थांबतं, आणि लागून असलेल्या दोन ओळी दोघांनी एकेक बदलल्या तरीही थांबतं, मधे एकही न बदललेली ओळ नसेल तर त्याला भरवसा वाटत नाही. आमचे जुने फोरमन असेच होते. शंका आली की कॉपी परत पाठवायचे, स्वतःच्या मनाने एक काना टाकायचे नाहीत.

तुमच्या चौकोनात कॉन्फ्लिक्टला एरर म्हटलंय. एरर नाहीये तो. यंत्र म्हणतंय, इथे दोन माणसांनी वेगवेगळा विचार केलाय, माझा इथे अधिकार नाही, तुम्ही बघा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतका समजूतदारपणा कोणी दाखवला असता तर पागडीचा विषय दहा वर्षांपूर्वी मिटला असता.

आता हिशोब. हा भाग मुद्दाम सांगतो, नीट वाचा.

जमाखर्चात पहिली ओळ मागील शिल्लक. मी बँकेचं पासबुक घेऊन बसलेलो तेव्हा दिसलं की आकडा टाइप करताना उलटसुलट झालाय, तो दुरुस्त केला. त्याच दुपारी खजिनदारांनी त्यांच्या घरून त्याच ओळीत व्याज मिळवलं. संध्याकाळी मर्ज केलं तर काळ्या खिडकीत कॉन्फ्लिक्ट, आणि फाइल उघडली तर हे:

<<<<<<< हेड
मागील शिल्लक (व्याजासह) रु. ४१,२५०
=======
मागील शिल्लक (व्याजासह) रु. ४२,१५०
>>>>>>> खजिनदार

आता सांगा, कुठलं बटण दाबणार? दोन आकडे, दोन्ही सारखेच खरे वाटतात, उलट बघणाऱ्याला वाटेल एकाने दुसऱ्याचा आकडा फिरवून लिहिलाय, १२५० आणि २१५०. खजिनदार म्हणाले माझं ठेवा, मी खजिनदार आहे. बरोबर आहे त्यांचं, पद आहे. मी म्हटलं माझ्याकडे पासबुक आहे. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली काका एक मिनिट, आणि तिने एक सेटिंग केलं, मर्जची कॉन्फ्लिक्ट स्टाइल डिफ३ करायची असते, इंग्रजीत टाइप करून अर्थातच. मग चालू कॉन्फ्लिक्ट चेकआउटला --कॉन्फ्लिक्ट देऊन परत काढला, तर मधे आणखी एक कप्पा आला, आणि बाणांपुढच्या नावांच्या जागी अवर्स म्हणजे आपलं आणि देअर्स म्हणजे त्यांचं असं आलं:

<<<<<<< अवर्स
मागील शिल्लक (व्याजासह) रु. ४१,२५०
||||||| बेस
मागील शिल्लक (व्याजासह) रु. ४१,५२०
=======
मागील शिल्लक (व्याजासह) रु. ४२,१५०
>>>>>>> देअर्स

मूळ कॉपी! सात उभ्या दांड्यांखाली मूळ कॉपी आली आणि माझी ट्यूब पेटली. मुळात ४१,५२० होते. मी त्यातून २७० कमी केले कारण मुळातच पाच आणि दोनाची अदलाबदल झालेली. खजिनदारांनी त्या चुकलेल्या ४१,५२० मध्येच व्याजाचे ६३० घातले. म्हणजे माझी दुरुस्ती बरोबर आणि त्यांचं व्याजही बरोबर, पण माझ्या आकड्यात व्याज नाही आणि त्यांच्या आकड्यात दुरुस्ती नाही. खरा आकडा ४१,२५० अधिक ६३०, म्हणजे ४१,८८०. हा आकडा ना माझ्याकडे होता ना त्यांच्याकडे. तुमच्या चौकोनातल्या दोन्हीपैकी कुठलंही बटण दाबलं असतं तरी हिशोब चुकलेलाच छापला असता, आणि दोन्ही ठेवा म्हणूनही एक बटण असतं, त्याने तर एकाखाली एक दोन शिल्लक आल्या असत्या.

आणि पुढचं ऐका, हे जास्त वाईट. बाण दिसले तिथे आम्ही थांबलो. पण खाली वीस ओळींनंतर एकूण जमेची ओळ होती. मुळात ३,१८,५२०, खजिनदारांनी व्याज धरून ३,१९,१५० केलेली, मी तिला हात लावायचा विसरलेलो. एकाच बाजूचा बदल, म्हणून गिटने ती गुपचूप घेतली, कॉन्फ्लिक्ट नाही, बाण नाही, काही नाही. वरचा आकडा सुधारला आणि खालची बेरीज २७० नी जास्तच राहिली. खजिनदारांनी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन गॅलरीतल्या बल्बखाली ओळ ओळ बेरीज केली तेव्हा सापडलं, हवी होती ३,१८,८८०. गिट ओळी जुळवतं, बेरीज करत नाही. भाचा म्हणतो त्यांच्याकडे असंच होतं, एकाने फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याचं, नाव बदललं आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये जुन्या नावाने ते नव्याने वापरलं, मर्ज स्वच्छ होतो आणि प्रोग्राम चालत नाही. म्हणून मर्ज झाल्यावर ते टेस्ट चालवतात. आमची टेस्ट म्हणजे खजिनदार आणि त्यांचा कॅल्क्युलेटर. खोटं कशाला बोलू, पद आहे म्हणून आपलं ठेवा म्हणाले तेव्हा मला राग आलेला, पण ती बेरीज त्यांनीच पकडली.

डिफ३ आता आम्ही चौघांकडे कायमचं लावून ठेवलंय. नवीन गिटमध्ये, २०२२ च्या जानेवारीत आलेल्या २.३५ पासून, झेड-डिफ३ म्हणून अजून एक आहे, त्यात दोन्ही बाजूंना सारख्याच असलेल्या कडेच्या ओळी बाणांच्या बाहेर काढल्या जातात, डोळ्यांना बरं पडतं. मला कळत नाही हे आधीपासूनच चालू का देत नाहीत. मूळ कॉपी दडवून प्रूफ वाचायला देण्यासारखं आहे ते.

बटणांवर माझा राग आहे त्याचं अजून एक कारण, आणि ते कमांडलाही लागू आहे. गिट चेकआउट --अवर्स म्हणजे आपलं ठेव आणि --देअर्स म्हणजे त्यांचं ठेव. ऐकायला सोपं. पण याने फक्त भांडणाची ओळ नाही, अख्खी फाइल आपली घेतली जाते, म्हणजे समोरच्याने त्याच फाइलमध्ये आणखी दहा ठिकाणी केलेलं चांगलं काम, ज्यावर काही भांडण नव्हतंच, तेही गेलं. फक्त भांडणाच्या जागी आपलं घ्यायचं असेल तर मर्ज करतानाच मोठ्या एक्सच्या ऑप्शनने अवर्स द्यावं लागतं, ती वेगळी गोष्ट. आणि त्याहून गंमत म्हणजे रिबेस करताना दोन्हींचे अर्थ फिरतात. रिबेस आधी समोरच्याच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि मग आपले बदल एकेक करून त्यावर चढवतं, त्यामुळे तेव्हा आपलं म्हणजे त्यांचं आणि त्यांचं म्हणजे आपलं. सासर-माहेरासारखं आहे, कुठल्या घरात उभं राहून बोलताय त्यावर "आमच्याकडे"चा अर्थ ठरतो. भाच्याने ही फसगतही करून घेतली, वर्गणीदारांच्या यादीवर तीन तास बसून मजला-मजला लावलेली, मग पुल --रिबेस, म्हणजे समोरचे बदल ओढून घेऊन रिबेस, केलं, कॉन्फ्लिक्टला अवर्स दिलं आणि स्वतःचंच काम पुसलं. चेहरा उतरला पोराचा. मग गिट रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या डायरीत, जुना कमिट सापडला. कमिट केलेलं काम असं पटकन मरत नाही, कुठल्या ब्रँचवर नसलं तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये तीस दिवस तरी रिफ्लॉगमध्ये त्याची नोंद राहते. कमिट न केलेल्याची मात्र गॅरंटी नाही, म्हणून मर्जला हात लावायच्या आधी कमिट करा. मग फार गोंधळ झालाच तर गिट मर्ज --अबॉर्ट, पाटी कोरी, चहा घेऊन परत या. वहीत माझ्या पहिल्या पानावर ही कमांड लाल पेनाने आहे.

आता जे कोणी सांगत नाही ते. हे सगळं मराठीत करताना आमच्या वाट्याला काही खास येतं.

एकदा कॉन्फ्लिक्ट आला तर वरची आणि खालची ओळ एकच. मी चष्मा पुसला, भिंग आणलं, प्रेसमधलं आहे अजून माझ्याकडे, अक्षर अक्षर लावून बघितलं. "वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांचे आभार." खाली तेच. काना, मात्रा, पूर्णविराम सगळं तेच. मी म्हटलं यंत्राला वेड लागलंय. भाच्याने फाइलचे बाइट काढून दाखवले, तर "करणाऱ्या" मधला तो अर्धा ऱ एकीकडे एकाच कोडचा, तीन बाइटचा, आणि दुसरीकडे साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन कोड जोडून, सहा बाइटचा. दिसायला फरक शून्य. मोबाइलच्या कीबोर्डने एक दिला, लॅपटॉपच्या कीबोर्डने दुसरा. तसंच ॲचं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या कोडांच्या यादीत, २००८ साली आलं, त्याआधीची सवय अ वर चंद्र ठेवायची, अजून कित्येक ठिकाणी तेच चालतं. एक ॲप, एक अॅप. आपल्या डोळ्याला एक, गिटला दोन, आणि ऱच्या बाबतीत निदान युनिकोड तरी मानतं की दोन्ही एकच, ॲच्या बाबतीत तेही मानत नाही. एकतीस वर्षांत खिळा तुटलेला पाहिला, उलटा बसलेला पाहिला, पण दिसायला अगदी बरोबर असून चूक असलेला खिळा पहिल्यांदा पाहिला. आता भाच्याने एक छोटी स्क्रिप्ट दिलीय, कमिटच्या आधी सगळे ऱ आणि ॲ एका जातीचे करून टाकते.

दुसरं म्हणजे आपण परिच्छेद एका दमात लिहितो. टेक्स्ट फाइलमध्ये अख्खा परिच्छेद म्हणजे एकच ओळ, आणि गिट ओळींवर चालतं. म्हणजे अध्यक्षांच्या मनोगतात मी पहिल्या वाक्यात वेलांटी बदलली आणि खजिनदारांनी नवव्या वाक्यात आकडा बदलला तरी कॉन्फ्लिक्ट, आणि बाणांच्या मधे दोनदा दीड पान मजकूर, शोधत बसा फरक कुठे आहे. उपाय सोपा निघाला, प्रत्येक वाक्य नवीन ओळीवर. मार्कडाउनला फरक पडत नाही, छापताना तो परिच्छेद सलगच येतो. निम्मे कॉन्फ्लिक्ट तिथेच गेले. बाकी ठिकाणी गिट डिफला --वर्ड-डिफ द्यायचं, मग शब्दाशब्दाचा फरक दिसतो.

तिसरं किरकोळ. फाइलचं नाव मराठीत ठेवलं, वर्गणी वगैरे, तर गिट स्टेटसमध्ये नावाच्या जागी \३४०\२४४\२६५ असली आकड्यांची माळ येते, पोरांना वाटतं फाइल खराब झाली. कोअरचं कोटपाथ नावाचं सेटिंग फॉल्स करायचं, नाव दिसायला लागतं. एवढ्यासाठी आमच्या मंडळात एकाने सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी करून टाकलेली, स्पेलिंग चार प्रकारची.

रेरेरे नावाची पण एक गोष्ट आहे गिटमध्ये, खरंच असं नाव आहे, एकदा मिटवलेला कॉन्फ्लिक्ट तस्साच परत आला तर आधीचा निकाल आपोआप लावते. मी तिला अरेरे म्हणतो कारण चुकीचा निकालही ती तितक्याच इमानाने लक्षात ठेवते. आम्ही चालू केलेली नाही.

तुमच्या चौकोनात गिट म्हणजे नवीन काहीतरी असल्यासारखं लिहिलंय, म्हणून थोडं मागचंही. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ते २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं कारण लिनक्सवाले याच कामासाठी जे बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरत होते त्याची फुकट वापरायची सोय गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये जुनिओ हामानो यांच्याकडे ते काम आलं, आजही तेच बघतात. पण दोघांनी एकच फाइल बदलली तर काय, हा प्रश्न त्याहून जुना. १९८२ च्या आरसीएसमध्ये, म्हणजे गिटच्याच कामाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कुलूप असायचं, एकाने फाइल घेतली की बाकीचे थांबले, आमच्या प्रेसमध्ये एकच मशीन प्रूफ निघायचं आणि ते ज्याच्या टेबलावर त्याचं राज्य, तसं. आणि तो माणूस जेवायला गेला की फर्मा (एकत्र छापायची पानं) अडकला. त्यानंतरचं तसंच सॉफ्टवेअर सीव्हीएस १९८६ चं, डिक ग्रून यांनी विद्यार्थ्यांबरोबर काम करताना केलेलं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी, कोणी कोणासाठी थांबू शकत नव्हतं. तिथून कुलूप गेलं आणि आधी सगळ्यांनी बदला मग जुळवा हे आलं. म्हणजे कॉन्फ्लिक्ट हा कोणासाठी अडून न बसण्याचा मोबदला आहे. फुकट नाही काही.

माझं म्हणणं एवढंच की चौघांनी मिळून लिहायचं असेल तर बाण दिसल्यावर बटणाकडे नाही, फोनकडे हात गेला पाहिजे. गिट लॉग --मर्ज दिलं की भांडणाच्या फाइलला दोन्हीकडून ज्या कमिटांनी हात लावला तेवढेच दिसतात, नावासकट. नाव दिसलं की फोन लावा, अहो तुम्ही ते ४२,१५० कशावरून केलं? खजिनदार दोन खोल्या सोडून राहतात आणि तरी आम्ही आधी वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत भांडलो. पोरांना कॉलेजात मर्जची कमांड शिकवतात, हे विचारायला शिकवत नाहीत असं ती मुलगी सांगते. तिच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये सबमिशनच्या रात्री एकाने फोर्स पुश करून, म्हणजे आपलीच आवृत्ती जबरदस्तीने वर चढवून, तिघांचं काम उडवलेलं आणि वर म्हणे कॉन्फ्लिक्ट येत होता म्हणून केलं.

आणि संपादकसाहेब, हे मराठीत छापा ना जरा व्यवस्थित. तुमच्याकडे दर रविवारी नवीन फोनला अर्धं पान असतं, त्याच्या कॅमेऱ्याला किती डोळे आहेत वगैरे. एखादं अर्धं पान याला द्या, बेस म्हणजे काय, डिफ३ कसं लावायचं, रिबेसमध्ये आपलं-त्यांचं कसं फिरतं, ऱ आणि ॲचा घोळ कसा ओळखायचा. वसई-विरारपासून कल्याणपर्यंत किती पोरं रोज लोकलमध्ये हेच करत जातात, इंग्रजी मेसेज वाचतात, अर्धवट समजतात आणि अवर्स दाबतात. गेल्या शतकाच्याही आधी, ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्रींनी दर्पण काढला तेव्हा एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी असं छापलं. तेवढं केलंत तरी पुरे, एका बाजूला गिटचा मेसेज आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मराठीत अर्थ. प्रूफ मी फुकट वाचून देईन.

शुद्धिपत्राच्या साडेतीनशेपैकी अकरा चिठ्ठ्या उरल्या, मोजल्या मी. म्हणजे अकरा घरांत नानांच्या फोटोखाली अजून ते सात बाण आहेत, कुठल्या घरांत ते कळत नाही, आणि दारोदार जाऊन विचारायची हिंमत होत नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
गिरगाव, मुंबई

ता. क. या पत्रात ॲ सगळीकडे एकाच कोडचा आहे, फक्त जिथे मुद्दाम दोन दाखवलेत तिथला दुसरा सोडून. तुमच्या ऑपरेटरला सांगा तो "सुधारू" नये, नाहीतर ते वाक्य छापून आल्यावर मी वेडा ठरेन.